दरवाजाच्या स्विचवर चुंबक: एक्सआरडीवाल्यांनो, हे चालतं का?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पीएचडीचं पहिलं वर्ष. काम पावडर नमुन्यांवर, त्यामुळे दिवसातला निम्मा वेळ एक्सआरडीच्या (क्ष-किरण टाकून नमुन्याची स्फटिकरचना तपासणाऱ्या यंत्राच्या) खोलीत जातो. सेट जुना आहे, पण बंद कपाटाचा. तांब्याची ट्यूब, रोजचं काम ४० केव्ही आणि ४० मिलिअँपिअरवर. समोर शिशाच्या काचेचा सरकता दरवाजा. दरवाजा उघडला की शटर (ट्यूबमधून येणारे किरण अडवणारं झाकण) पडायला हवं, असं पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं.

आमच्या सीनियरने मला सेट शिकवला तेव्हा दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटं गोल चुंबक चिकटपट्टीने लावलेलं दिसलं, दरवाजा बंदच आहे असं तिथल्या स्विचला वाटावं म्हणून. विचारलं तर म्हणाला, "ते काढू नकोस हं, नाहीतर स्कॅन मधेच मरतो." आमचे स्कॅन १४-१४ तासांचे असतात आणि चुंबक नसेल तर पहाटे कधीतरी "दरवाजा उघडा" असा एरर येऊन सगळं वाया जातं, हे खरंच आहे. पण आता सवय अशी झालीय की अलाइनमेंट करताना दरवाजा हातभर उघडा ठेवून, ट्यूब चालू असताना नमुन्याची उंची हाताने लावायची. "शटर बंद असतं गं, दिवा बघ ना."

मला हे बरोबर वाटत नाही. पण सगळे तेच करतात, माझ्या बॅजचा (छातीवर लावायच्या, किरणांचा डोस मोजणाऱ्या बिल्ल्याचा) रिपोर्ट आजवर कोरा आला आहे, आणि हा सीनियर मनाने फार चांगला आहे, त्याच्यामुळेच माझं काम पुढे सरकतंय. मी उगाच बाऊ करतेय का? आणि नसेन, तर त्याला न दुखावता कसं सांगू?

---

उगाचच

पहिला प्रतिसाद माझा. :)

ताई, थोडा बाऊच होतोय. आजकालच्या सेटभोवती उभं राहून मिळणारा डोस मोजायला गेलं तर नैसर्गिक पार्श्वभूमीतून वेगळाच काढता येत नाही. विमानाच्या एका लांबच्या प्रवासात त्याहून जास्त मिळतो. बॅज कोरा येतोय ना? मग झालं. चुंबक काढून टाका, पण रात्रीची झोप घालवू नका.

---

जुनाखिळा

उगाचच, तुमच्या प्रतिसादातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. तरीही सल्ला चुकीचा आहे. टंकाळा बाजूला ठेवून लिहितो.

माझ्या उजव्या हाताची तर्जनी हजेरीचं बोटांच्या ठशांचं यंत्र ओळखत नाही. दर नव्या ठिकाणी मधलं बोट नोंदवावं लागतं. कारण विचारलं की "लहानपणी भाजलं" म्हणून सांगतो. खरं कारण इथे लिहितो.

मी विद्यार्थी असताना आमच्याकडे उघड्या किरणाचा सेट होता. कपाट वगैरे काही नाही. टेबलावर ट्यूबचा उभा खांब, चार बाजूंना चार खिडक्या, प्रत्येक खिडकीसमोर कॅमेरा बसवायचा. फिल्मवर रेषा नीट येत नव्हत्या, म्हणून कॉलिमेटर (किरण बारीक करणारी नळी) जरा सरळ करायचा होता. शटरचा दिवा विझलेला होता. म्हणजे शटर बंद, असं मी धरलं. बोटाने कॉलिमेटरचं टोक दाबून धरलं, दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवला. फार तर पाच-सात सेकंद.

दिव्याचा बल्ब उडाला होता. शटर उघडंच होतं.

त्या क्षणी काहीही कळलं नाही. ऊब नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. मी फिल्म लावली, एक्सपोजर दिलं, घरी गेलो. साधारण नऊ-दहा दिवसांनी बोटाच्या टोकाला लाल चकती दिसली, मसुराएवढी. अॅसिटोनने झालं असेल म्हटलं. मग फोड आला, फुटला, आणि नवीन कातडी यायच्या ऐवजी खाली खड्डा पडत गेला. नख गेलं. रात्री हात उशीवर उंच ठेवून झोपायचो, खाली घेतला की ठणका लागायचा. डॉक्टरांना मीच तीन आठवडे क्ष-किरणांचं सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःलाच ते सुचलं नव्हतं. जखम भरायला आठ महिने गेले. आज तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत आहे; थंडी पडली की चिरते.

आणि हो, माझा फिल्म बॅज त्या तिमाहीत कोरा आला होता.

---

मधलीसुट्टी

बाप रे. काका, दंडवत.

एक बाळबोध शंका: मी नमुना काढायच्या आधी सेट बंद करून दहा मिनिटं थांबते, आतली किरणं "निवावीत" म्हणून. हे पुरेसं आहे ना?

---

त्रिज्या

मधलीसुट्टी, दहा मिनिटं थांबायची काहीच गरज नाही. ट्यूबचा विजेचा उच्च दाब बंद झाला की क्ष-किरण त्याच क्षणी संपतात, खोलीतला दिवा मालवल्यावर उजेड संपतो तसे. नमुना, हवा, कपाटाच्या भिंती, यातलं काहीही किरणोत्सारी होत नाही. त्याला लागणाऱ्या ऊर्जा या यंत्रात नाहीतच. भीती चुकीच्या ठिकाणी खर्च झाली की योग्य ठिकाणी उरत नाही, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

आता बॅजबद्दल, कारण उगाचच आणि धागाकर्ती दोघांचाही भरवसा त्यावर दिसतोय. (माझं कामच किरणसुरक्षेचं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.)

या सेटमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक, नमुन्यावर आणि धातूवर आपटून इकडेतिकडे विखुरलेला किरण. तो खोलीभर जाऊ शकतो, पण मूळ किरणापेक्षा हजारो-लाखो पटींनी कमजोर असतो. बॅज मोजतो तो हा. दोन, मूळ किरण. तो एखाद-दोन मिलिमीटर रुंद, पेन्सिलच्या शिशासारखा. छातीवरच्या बॅजवर तो पडण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि बोटावर पडण्याची शक्यता बरीच, कारण त्याच्या वाटेत आपण बोटंच घालतो. म्हणून या कामात छातीच्या बॅजपेक्षा बोटातली डोस मोजणारी अंगठी जास्त उपयोगी. पण अंगठीसुद्धा घडून गेलेलं सांगते, थांबवत काही नाही. शिवाय किरण टोकाला लागला आणि अंगठी मुळाशी असली तर तीही कोरीच.

आकडे. व्यावसायिक कामगारांसाठी आयसीआरपीची (किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची) शिफारस संपूर्ण शरीराला वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (५ वर्षांच्या सरासरीने, कुठल्याही एका वर्षी ५० च्या वर नाही), कातडीला आणि हातापायांना ५०० मिलिसिव्हर्ट. तांब्याच्या ट्यूबचा कॉलिमेटरमधून आलेला किरण सेकंदाला काही ग्रे (शोषलेल्या डोसचं एकक) देऊ शकतो. क्ष-किरणांसाठी एक ग्रे म्हणजे १००० मिलिसिव्हर्ट धरा. म्हणजे बोटाची वर्षभराची मर्यादा "अरे, दिवा..." म्हणेपर्यंत ओलांडलेली असते. कातडी लाल व्हायला साधारण ६ ग्रे लागतात आणि ती लाली दहाएक दिवसांनी दिसते. १८-२० च्या आसपास कातडी सोलवटून पाझरते, त्यापुढे व्रण. जुनाखिळा काकांनी सांगितलेलं वेळापत्रक पुस्तकातल्यासारखं आहे, दुर्दैवाने.

काकांना काहीच का जाणवलं नाही, याचंही कारण आहे. तांब्याचा ठळक किरण ८ केईव्ही ऊर्जेचा, म्हणजे मऊ. मांसात साधारण पाऊण मिलिमीटर आत जाईपर्यंत तो निम्मा होतो. बरीचशी ऊर्जा कातडीतच ओतली जाते, जिथे नव्या पेशी तयार होतात. पण उष्णता म्हणून पाहिली तर ती इतकी नगण्य की नसांना कळतच नाही. दवाखान्यातल्या छातीच्या फोटोचा किरण कडक असतो, आरपार जातो, म्हणूनच फोटो निघतो. हा आरपार जात नाही. "मऊ" या शब्दावर जाऊ नका.

---

उगाचच

ठीक. बॅजचा मुद्दा मान्य, आणि काकांचं बोट वाचून मघाचं ":)" मागे घेतो.

पण एक सांगा, हे सगळं उघड्या सेटचं झालं. बंद कपाटात किरण बाहेर येतच नाही. मग एका चुंबकाने असा काय फरक पडणार? शटर तर आहेच ना.

---

पान्हेवाला

सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. कंपनीचं नाव विचारू नका.

बंद कपाट सुरक्षित असतं ते पत्र्यामुळे आणि दरवाजाच्या स्विचमुळे. स्विच काढला की ते कपाट उरत नाही, उघडा सेट होतो. आणि उघड्या सेटपेक्षा वाईट, कारण उघड्या सेटवरचा माणूस निदान सावध तरी असायचा.

पण मूळ पोस्टमधली दुसरीच एक गोष्ट मला खटकतेय. निळीशाई, चुंबक एकच आहे ना? दरवाजाला साधारणपणे दोन स्विच असतात, एकमेकांपासून स्वतंत्र, दोन वेगळ्या सर्किटमध्ये. एक बिघडला, चिकटला, कोणी फसवला, तरी दुसरा शटर पाडतो. आणि शटर पडलं नाही तर उच्च दाबच तोडला जातो. तुमच्याकडे एका चुंबकाने काम भागतंय, याचा अर्थ दुसरा स्विच आधीच कोणीतरी जम्पर केलेला (वायर जोडून निकामी केलेला) आहे. कदाचित तुमच्या सीनियरच्याही आधी. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसेल. पॅनेल स्वतः उघडू नका, पण माझी पैज.

दिव्याचं. काकांच्या वेळचा दिवा म्हणजे नुसता बल्ब. उडाला की "बंद" आणि "बिघडला" यातला फरकच कळत नाही. नीट बांधलेल्या सेटमध्ये दिव्यातून जाणारा करंट सर्किट तपासत असतं. दिवा उडाला तर क्ष-किरण सुरूच होत नाहीत. तुमच्या सेटचं कसं आहे ते मॅन्युअलमध्ये मिळेल. तोवर नियम साधा ठेवा: विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. "शटर बंद" हे सांगणारा वेगळा हिरवा दिवा लागलेला दिसला पाहिजे.

शटरवरही आंधळा विश्वास नको. ते एक यांत्रिक भांडं आहे हो. सोलेनॉइड, स्प्रिंग, जड धातूचा तुकडा. वंगण सुकतं, स्प्रिंग थकते, पावडर जाऊन बसते. अर्धवट अडकलेलं शटर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि सॉफ्टवेअर तेव्हा "बंद" दाखवत होतं, कारण सॉफ्टवेअर आज्ञा दिली एवढंच सांगत होतं, शटर कुठे आहे ते नाही.

---

कपबशी

वाचनखूण साठवली.

रच्याकने, त्या हातात धरायच्या एक्सआरएफ बंदुकीबद्दलही (क्ष-किरण मारून दगडातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) कोणी लिहा ना. आमच्या विभागात भूगर्भवाले ती घेऊन फिरतात. परवा एकाने दगडाचा छोटा तुकडा डाव्या हाताच्या चिमटीत धरला आणि उजव्या हाताने बंदूक टेकवली. मी ओरडले तर म्हणतो, "दोन सेकंद तर मारायचेत."

---

त्रिज्या

कपबशी, बरं झालं ओरडलात. बंदुकीतही ४०-५० केव्हीची ट्यूब आहे आणि किरण नाकातून सरळ पुढे निघतो. चिमटीत नमुना म्हणजे किरणाच्या तोंडात बोटं. तुकडा स्टँडमध्ये ठेवायचा, स्टँड नसेल तर टेबलावर. आणि नमुना पातळ असेल, प्लॅस्टिक किंवा कागद असेल, तर किरण त्यातून टेबलाच्या फळीपर्यंत आणि कधी फळीच्या खालीही जातो. खाली मांड्या नकोत. काही मॉडेलमध्ये समोर काही टेकल्याशिवाय ट्रिगर चालत नाही असा सेन्सर असतो, पण त्याला दगड काय आणि तळहात काय, सारखंच.

---

शेवंती

एक वैयक्तिक प्रश्न. मला दिवस गेलेत, अजून कोणाला सांगितलेलं नाही. मार्गदर्शकांना सांगितलं तर मला खोलीतूनच काढतील, काम थांबेल. बंद कपाटाच्या सेटवर काम चालू ठेवलं तर चालेल का?

---

त्रिज्या

शेवंती, अभिनंदन. तुमच्या आरएसओंना, म्हणजे किरणसुरक्षा अधिकाऱ्यांना, शक्य तितक्या लवकर सांगा. ते गुप्त ठेवतील, आणि ठेवायलाच हवं. सांगितल्यापासून प्रसूतीपर्यंत बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या आत डोस राहावा अशी शिफारस आहे. इंटरलॉक (दरवाजा उघडला की किरण थांबवणारे स्विच) शाबूत असलेल्या बंद कपाटाच्या सेटवर ती सहज पाळली जाते. ८ केईव्हीचा किरण तुमच्या पोटाच्या कातडीपलीकडे फारसा पोचतही नाही. त्यामुळे "खोलीत पाऊल टाकायचं नाही" असं म्हणायला कारण नाही. पण सेट खरोखर शाबूत आहे का, हे कागदावर न बघता मोजून घ्या, आणि पोटाशी एक वेगळा बॅज मागून घ्या. अलाइनमेंट किंवा दुरुस्ती चालू असताना मात्र खोलीबाहेर.

---

पोटमाळा

अवांतर: इतिहासाची आवड म्हणून. ज्यांना हे सगळं जुन्या पिढीचं भय वाटतं त्यांच्यासाठी.

रॉन्टजेननी क्ष-किरण शोधले ८ नोव्हेंबर १८९५ ला. वर्षभराच्या आतच भाजल्याच्या तक्रारी यायला लागल्या. किरणांमुळे की विजेमुळे की आणखी कशामुळे, यावर वाद. एलिहू थॉमसन या अमेरिकन अभियंत्याने १८९६ मध्ये सरळ स्वतःची डावी करंगळी रोज अर्धा तास, असे काही दिवस ट्यूबसमोर धरली. सुजली, फोड आले, दुखली. करंगळीच का निवडली, तर गेली तरी चालेल म्हणून!

एडिसनचा सहाय्यक क्लॅरन्स डॅली ट्यूब चालते का ते आपल्याच हातावर बघायचा. एक हात थकला, भाजला, की दुसरा. दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो वारला. डॅलीची अवस्था बघून एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं.

हॅम्बर्गमध्ये १९३६ साली अशा लोकांचं स्मारक उभारलं. सुरुवातीला त्यावर १६९ नावं होती.

---

पान्हेवाला

पोटमाळा, मस्त. आमच्या धंद्यात डॅलीची पद्धत अजून चालते, फक्त हाताऐवजी चुकीचा मीटर धरतात.

किस्सा सांगतो. एका प्रयोगशाळेत ट्यूब बदलल्यावर तिथल्या माणसाने गळती तपासायला गायगर काउंटर आणला. खांबाभोवती फिरवला, टक-टक-टक वाढत गेलं, आणि एका जागी अचानक गप्प. "इथे काही नाही बघा," म्हणाला. मी त्याचा हात मागे ओढला. काही मॉडेलचा गायगर फार मोठ्या मात्रेत गुदमरतो, एका टकीतून सावरायच्या आत पुढची हजार येतात आणि काटा शून्यावर. शांतता होती तिथेच छिद्र होतं: खिडकीचं झाकण तिरकं बसलं होतं.

दुसरं, जाड भिंतीच्या नळीचा गायगर ८ केईव्हीचे किरण बघतच नाही, ते भिंतीतच अडकतात. अभ्रकाच्या पातळ खिडकीचा, चपट्या तोंडाचा मीटर लागतो. आणि किरण सुईसारखा असेल तर त्याचा आकडाही खरा धरायचा नाही, कारण मीटर आपलं अख्खं तोंड भरलंय असं समजून हिशोब करतो. गळती आहे का हे गायगरने शोधा. किती हे आयन चेंबरवाल्याला (मात्रा मोजणारा वेगळा मीटर असलेल्याला) सांगू द्या.

आणि सगळे किरणांबद्दल बोलताहेत म्हणून मुद्दाम: मी स्वतः मरता मरता वाचलो तो क्ष-किरणांनी नाही, उच्च दाबाने. जनरेटर बंद केला, केबल उपसली, आणि कपॅसिटरमध्ये राहिलेल्या चार्जने मला भिंतीवर फेकलं. किरण बंद झाले म्हणजे वीज गेली असं नाही. केबलला हात लावायच्या आधी अर्थिंगची काठी लावायची, नंतरही लावून ठेवायची. तुम्हा विद्यार्थ्यांनी तर तिथे जायचंच नाही.

ट्यूबच्या खिडकीला बोट लावू नका, पुसूही नका. बेरिलियमची असते, कागदाहून थोडी जाड. फुटली तर ट्यूब गेली हे कमी नुकसान. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना फार वाईट. झाडू मारायचा नाही, खोली बंद करून सांगायचं.

---

उगाचच

हार मानली. आता मीच आमच्या सेटच्या मागे जाऊन बघणार आहे.

पण धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. सीनियरला सांगायचं कसं?

---

जुनाखिळा

त्याचं उत्तर मला वाटतं पहिल्याच पोस्टमध्ये आहे. "नाहीतर स्कॅन मधेच मरतो."

निळीशाई, तुझा सीनियर बेफिकीर नाही, कंटाळलेला आहे. चुंबक कोणी हौसेने लावत नाही. दरवाजाचा स्विच पहाटे तीनला खोटा बोलतो, त्याच्या १४ तासांची माती होते, तक्रार केली तर "बघू" म्हणतात, म्हणून त्याने चुंबक लावलं. तेव्हा त्याच्याकडे "तू नियम मोडतोस" घेऊन गेलीस तर तो ऐकून घेईल आणि तू खोलीबाहेर पडलीस की परत लावेल. "हा स्विच खोटा का बोलतो ते आपण शोधूया का" असं घेऊन जा.

पण क्रम लक्षात ठेव. आधी आरएसओला कळव, मग सीनियरला सांग की कळवलंय. उलटं नको. माझ्या वेळी त्या दिव्याचा बल्ब उडालाय हे आमच्या लॅबमध्ये तीन जणांना माहीत होतं. तिघेही एकमेकांना न दुखावणारे, सज्जन. त्यांच्यापैकी एकाने एक चिठ्ठी डकवली असती तरी मला पुरली असती.

आणि अलाइनमेंटला दरवाजा उघडा लागतोच, असं कोणी म्हणालं तर विचार: कशासाठी? नमुन्याची उंची ट्यूब चालू असताना लावायचं काही कारण नाही. गेज असतो, पट्टी असते, शटर बंद आणि पॉवर खाली घेऊन ती लावता येते. मग दरवाजा बंद, एक छोटा स्कॅन, बघायचं, परत उघडायचं. वेळ लागतो, मान्य. उघड्या किरणावर काम करणं खरोखर अटळ असतं ते सर्व्हिसवाल्याला, आणि त्याच्याकडे त्यासाठी वेगळी किल्ली असते.

---

पान्हेवाला

+१. आणि आमच्याकडेही किल्ली फिरवायच्या आधी पॉवर किमान करायची, बाहेर पाटी, सोबत दुसरा माणूस, आणि काम संपल्यावर इंटरलॉक तपासल्याशिवाय सही नाही. पक्कड लांब दांड्याची. बोट कधीच नाही.

---

निळीशाई

धागा वर काढतेय. ११ दिवस झाले, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

काकांनी सांगितलेल्याच क्रमाने केलं. आरएसओ मॅडमना मेल केला, तासाभरात त्या स्वतः आल्या आणि सेटला कुलूप लावलं. मग सीनियरला सांगितलं. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच आला आणि म्हणाला, मी आलो तेव्हापासून ते चुंबक तिथे आहे, मला वाटलं सेटबरोबरच येतं.

पान्हेवाला, तुमची पैज तुम्ही जिंकलात. सर्व्हिसच्या माणसाने पॅनेल उघडलं तर दुसऱ्या स्विचच्या दोन टोकांमध्ये निळ्या वायरचा बोटभर तुकडा, नीट सोल्डर केलेला. वायरवर इतकी धूळ होती की कोणी कधी केलं ते विचारण्यातही अर्थ नव्हता. म्हणजे आम्ही सगळे कित्येक वर्षं एका चुंबकाच्या भरवशावर हात घालत होतो.

आणि स्विच खोटं बोलत नव्हता! दरवाजाचं खालचं एक चाक झिजलंय. दरवाजा बंद केला की नीट बसतो, मग रात्रभर पंप आणि चिलरच्या (ट्यूब पाण्याने थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या) थरथरीने सावकाश खाली येतो, आणि वरच्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरची फट पडते. स्विच बरोबरच सांगत होता की दरवाजा उघडा आहे. चाक बदलायला अर्धा तास लागला. काल रात्रीचा स्कॅन पूर्ण झाला, एकही एरर नाही. सीनियरने आलेख छापून दरवाजाला चिकटवलाय, चुंबक होतं त्याच कोपऱ्यात.

मॅडमनी मला अंगठीचा बॅज दिला आणि सगळ्यांना दर सोमवारी करायची एक तपासणी लावून दिली: शटर उघडून, पॉवर किमान ठेवून, बाहेरून दरवाजा जरासा सरकवायचा आणि शटर पडतं का ते बघायचं, वहीत सही. कालची सही माझी.

एक विचारायचं राहिलं. तपासणी करताना काल सेटच्या मागे गेले होते. ट्यूबच्या ज्या खिडक्या आम्ही वापरत नाही त्यांतल्या एकीचं झाकण चार स्क्रूंऐवजी दोनांवर आहे, आणि हलवलं की किंचित हलतं. हे नॉर्मल आहे का?

---

पान्हेवाला

नाही.

सेट आत्ता चालू आहे?

---

निळीशाई

सीनियरचा स्कॅन लागलाय. अजून सहा तास आहेत.

---

पान्हेवाला

थांबवा. उच्च दाब बंद करा, किल्ली काढून घ्या, मग मॅडमना फोन. झाकणाला हात लावू नका, आवळायचा प्रयत्नही नको. त्या झाकणाखाली सहसा एक मायक्रोस्विच असतो. तोही जम्पर आहे का ते बघावं लागेल. झाकण गेले किती दिवस असं आहे आणि मागच्या बाजूला कोण कोण उभं राहतं ते लिहून ठेवा, त्या विचारतील.

---

निळीशाई

बंद केला. मागच्या बाजूला चिलर आहे, पाणी भरायला आठवड्यातून एकदा कोणीतरी जातं. मागचे दोन आठवडे मीच गेले होते.

मॅडम निघाल्यात. किल्ली माझ्या खिशात आहे. सीनियर इथेच शेजारी बसलाय, या वेळी स्कॅन त्यानेच थांबवला.

---

त्रिज्या

निळीशाई, घाबरू नका. तिथे खरंच किरण येत होता का ते मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि झाकण नुसतं सैल असणं म्हणजे गळती असतेच असं नाही. चिलरमध्ये पाणी ओतताना तुम्ही कुठे, कोणत्या बाजूला वळून, किती वेळ उभ्या होतात, हे आजच आठवून कागदावर उतरवा. अंगठी बोटात होती का तेही. मॅडमना अंगठी आणि छातीचा बॅज दोन्ही आजच वाचायला पाठवायला सांगा, तिमाही संपायची वाट बघायची नाही.

हातांचे आजचे फोटो काढून ठेवा. पुढचे तीन-चार आठवडे रोज एकदा बघा.

---

जुनाखिळा

बोटांच्या टोकांचेही.